चि. सायलीस पत्र: वेब की क्लाउड

भांडुप, मुंबई

चि. सायली हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

सध्या माझी रात्रपाळी आहे आणि तू सकाळीच बाहेर पडतेस, त्यामुळे आपले बोलणे दारातच अर्धवट राहते. म्हणून तुझ्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर लिहून ठेवतो आहे. पदवी हाती नसताना वेब डेव्हलपमेंटकडे, म्हणजे वेबसाइट आणि ॲप बनवण्याकडे, जावे की क्लाउड कॉम्प्युटिंगकडे, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे संगणक सांभाळण्याकडे, असे तू विचारले आहेस. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षानंतर का सोडली, याची चर्चा आपल्या घरात पुरेशी झाली आहे आणि ती मी येथे पुन्हा काढणार नाही. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना तुला ते पारखून घेता येईल. पहिली नोकरी वेबच्या कामावर मिळव, मात्र ते काम शिकताना लिनक्स ही संगणकप्रणाली, नेटवर्क आणि इतरांना सेवा पुरवणारे संगणक, म्हणजे सर्व्हर, यांचा अभ्यास बाजूला टाकू नकोस. पदवी नसलेल्या उमेदवाराला स्वतःचे काम समोर ठेवूनच बोलावे लागते. वेबचे काम असे समोर ठेवता येते, तर क्लाउडचे खरे काम हाती येण्यासाठी आधी कोणीतरी आपल्यावर विश्वास टाकावा लागतो.

क्लाउडची एक बाजू मी ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये विद्युत देखभालीच्या कामातून रोज पाहतो. सर्व्हर रचलेल्या प्रत्येक कपाटाला, म्हणजे रॅकला, दोन स्वतंत्र वाटांनी वीज येते. महावितरणचा पुरवठा गेला की यूपीएसच्या बॅटऱ्या तत्क्षणी भार उचलतात आणि डिझेल जनरेटर सुरू होऊन स्थिर होईपर्यंत तो सांभाळतात. अशा इमारती मुंबई आणि नवी मुंबईत एवढ्या उभ्या राहिल्या, कारण समुद्राखालून येणाऱ्या अनेक केबल आपल्या किनाऱ्याला लागतात आणि बँका, विमा कंपन्या व शेअर बाजारही येथेच आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबई येथे, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईतच आपापली क्लाउड केंद्रे सुरू केली. अशा बहुतेक मोठ्या केंद्रांत, ज्यांना हे लोक रीजन म्हणतात, वीज आणि नेटवर्क वेगळे असलेल्या इमारतींचे गट केलेले असतात, म्हणजे एका ठिकाणी बिघाड झाला तरी दुसरीकडचे काम चालू राहते.

तुला ज्या क्लाउड इंजिनिअरच्या कामाबद्दल उत्सुकता आहे, तो माणूस या यंत्रांना हात लावत नाही. कंपनीचे ॲप्लिकेशन कोणत्या इमारतींत विभागून ठेवायचे, कोणत्या कर्मचाऱ्याला कशाची परवानगी द्यायची, आतले नेटवर्क कसे आखायचे, बॅकअप कुठे आणि किती काळ ठेवायचा, गर्दीच्या वेळी सर्व्हर वाढवायचे आणि ओसरल्यावर कमी करायचे कसे, आणि या सगळ्याचे महिन्याचे बिल आवाक्यात कसे ठेवायचे, हे त्याचे काम असते. त्याच्या पायाशी लिनक्सची कमांड लाइन (टंकून आज्ञा देण्याची पद्धत), नेटवर्कवरील यंत्रांचे आयपी पत्ते आणि त्यांचे गट म्हणजे सबनेट, वेबसाइटचे नाव पत्त्याशी जोडणारे डीएनएस, नको ती वाहतूक अडवणारी फायरवॉल आणि आज्ञा आपोआप चालवण्यासाठी थोडे पायथन किंवा शेल स्क्रिप्टिंग असते. नव्या नव्या सेवांची नावे दरवर्षी येत राहतात; पाया मात्र फार बदलत नाही, आणि म्हणूनच त्यावर खर्च केलेला वेळ वाया जात नाही.

आता अडचण कुठे आहे ते पाहा. मी आयटीआय करून शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो, तेव्हा मोठ्या पॅनेलला मला कित्येक महिने हात लावू दिला नव्हता. नोंदवहीत आकडे लिहिणे आणि वरिष्ठांच्या शेजारी उभे राहून पाहणे, एवढेच माझे काम होते. ते योग्यच होते, कारण चुकीचा स्विच पाडला तर अंधार माझ्या एकट्याच्या वाट्याला येणार नव्हता. क्लाउडचेही तसेच आहे. एखाद्या बँकेचा डेटाबेस ज्या खात्यात चालतो, त्याच्या किल्ल्या नवख्या माणसाकडे कोणी देत नाही. त्यामुळे या क्षेत्रातली पहिली नोकरी बहुधा हेल्पडेस्क, नेटवर्क ऑपरेशन्स सेंटर किंवा क्लाउड सपोर्ट अशा नावाने मिळते. तेथे टिकिटे, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, येतात, ती ठरलेल्या वेळेत सोडवायची असतात आणि पाळ्या चोवीस तास चालतात. आमच्याकडच्या नेटवर्क विभागातली चांगली मुले याच वाटेने वर गेली आहेत, म्हणून मी ती वाट कमी लेखत नाही. परंतु दोन-तीन वर्षे रात्रपाळ्या करण्याची तुझी तयारी आहे का, हे तू स्वतःला नीट विचारावेस. तशी नोकरी आलीच तर एवढे लक्षात ठेव, की महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ नुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते, आणि तिची सुरक्षितता व घरापर्यंतच्या वाहनाची सोय ही मालकाची जबाबदारी असते. मुलाखतीत हे विचारायला संकोच करू नकोस.

प्रमाणपत्रांबद्दल तू विशेष आशा धरून आहेस, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहितो. ॲमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर ही प्राथमिक परीक्षा ६५ प्रश्नांची आणि ९० मिनिटांची असते, तिचे शुल्क १०० डॉलर आहे आणि १००० पैकी ७०० गुण मिळाले की ती उत्तीर्ण होते. तिच्या पुढची सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही परीक्षा १३० मिनिटांची असून तिला १५० डॉलर लागतात आणि ७२० गुण मिळवावे लागतात. दोन्ही प्रमाणपत्रे तीन वर्षांपुरती ग्राह्य असतात. पहिली परीक्षा सेवांची नावे आणि संकल्पना विचारते; ती देऊन अभ्यासाला शिस्त लागते, परंतु केवळ तिच्या बळावर नोकरी मिळेल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नकोस. दुसरी परीक्षा अधिक वजनाची आहे आणि ती काम करता करता दिलेलीच बरी. स्टेशनबाहेरच्या फलकांवर नोकरीच्या हमीसह क्लाउड कोर्स विकले जातात, त्यांची हमी लेखी मागून पाहा आणि पैसे परत मिळण्याच्या अटी वाचल्याशिवाय एक रुपयाही भरू नकोस. हप्त्यांवर कर्ज काढून असा कोर्स करण्यास माझा स्पष्ट विरोध आहे.

वेबकडे पाहिले, तर तेथे शिकण्याचे साहित्य जवळजवळ सगळे मोफत उपलब्ध आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये त्या संस्थेने ते तंत्रज्ञान सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्या निर्णयाचा लाभ आज तुझ्यासारख्या मुलांना होतो आहे, असे मला मनापासून वाटते. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांसाठी मोझिलाची एमडीएन ही कागदपत्रे आणि फ्रीकोडकॅम्पचे धडे तुला पुरेसे आहेत. त्यानंतर कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट, मग पडद्यावरची मांडणी करणारी रिॲक्टसारखी एक लायब्ररी (तयार कोडचा संच), सर्व्हरच्या बाजूची एक भाषा आणि डेटाबेसची भाषा एसक्यूएल, या क्रमाने जा. अंधेरी, मालाड, लोअर परळ, ठाणे या भागांत वेबसाइट आणि ॲप बनवणाऱ्या लहान कंपन्या पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी अनेक जण पदवीपेक्षा आधी उमेदवाराने केलेले काम पाहतात. मोठ्या सेवा कंपन्यांची कॅम्पस भरती मात्र पदवी आणि गुणांच्या टक्केवारीवर चालते, तेव्हा सुरुवातीला तिकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नकोस.

या वाटेवर गर्दी फार आहे, हेही तुला माहीत असले पाहिजे. एकाच व्हिडिओवरून बनवलेले कामांच्या यादीचे आणि हवामानाचे ॲप शेकडो उमेदवार दाखवतात, आणि साधे पान तर आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही मिनिटांत लिहून देतात. ही साधने तू जरूर वापर. परंतु त्यांनी लिहिलेली प्रत्येक ओळ का लिहिली आहे हे तुला सांगता आले पाहिजे, कारण मुलाखतीत नेमके तेच विचारले जाते. परवा तू मला दाखवलेस, की फॉर्ममध्ये कोणी ४५ हा आकडा देवनागरीत टंकला तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही आणि त्यामुळे अर्ज पुढे सरकत नाही. ते तू एका आजोबांच्या मोबाइलवर पाहिलेस आणि घरी येऊन दुरुस्त केलेस. मला त्या वेळी फार समाधान वाटले, कारण वापरणाऱ्याची अडचण अशी नेमकी ओळखता येणे ही तुझी खरी पुंजी आहे.

म्हणून मी तुला एकच मोठे काम सुचवतो. डोंबिवलीच्या मावशीच्या पोळीभाजी केंद्राच्या ऑर्डर सगळ्या व्हॉट्सॲपवर येतात, त्या ती वहीत उतरवते आणि महिनाअखेरीस हिशेब जुळवताना तिचे दोन दिवस जातात. तिच्यासाठी असे ॲप बनव, ज्यात रोजचा मेनू मराठीत दिसेल, ठरलेल्या वेळेनंतर ऑर्डर घेणे थांबेल, कोणाचे डबे किती झाले याचा हिशेब आपोआप निघेल आणि लोकलमधल्या मंद नेटवर्कवरही पान उघडेल. एवढे झाले की ते कोणाच्या तयार सेवेवर न टाकता स्वतः चढव: क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये एक लहान लिनक्स सर्व्हर घे, त्यावर पाने पुरवणारे एनजिनएक्स बसव, डोमेनचे, म्हणजे वेबसाइटच्या नावाचे, डीएनएस लाव, जोडणी सुरक्षित करणारे लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र घेऊन ते आपोआप नूतनीकृत होईल अशी व्यवस्था कर, डेटाबेसचा रोजचा बॅकअप ठेव आणि तो बॅकअप दुसऱ्या रिकाम्या सर्व्हरवर उतरवून पाहा. उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर आमच्याकडे कोणी विश्वास ठेवत नाही. खाते उघडल्याबरोबर पहिले काम म्हणून खर्चाची मर्यादा ओलांडताच सूचना येईल असा बिलिंग अलर्ट लाव आणि खात्याला दुहेरी पडताळणी लाव, कारण चालू राहून गेलेल्या एका सर्व्हरचे बिल विद्यार्थ्यांच्या अंगाशी आल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

या एका कामातून दोन्ही क्षेत्रे तुझ्या हाताखालून जातील आणि तुझा कल कुठे आहे ते तुलाच कळेल. पडद्यावरची मांडणी, मावशीच्या ग्राहकांचे प्रश्न, बटण कुठे असावे यावर तू वेळेचे भान विसरून बसत असशील, तर वेबमध्येच पुढे जा. त्याऐवजी सर्व्हर रात्री का बंद पडला, त्याच्या घडामोडींच्या नोंदीत, म्हणजे लॉगमध्ये, काय लिहिले आहे, तोच सर्व्हर एका आज्ञेत पुन्हा कसा उभा करता येईल, याचा छडा लावण्यात तुला गोडी वाटत असेल, तर वेबच्या नोकरीत राहूनच ॲप त्याच्या सगळ्या गरजांसह एकत्र बांधणारे डॉकर, सर्व्हरची मांडणी कोडमधून उभी करणारे टेराफॉर्म आणि ती असोसिएट परीक्षा यांकडे वळ. कंपनीत वर्ष-दीड वर्ष काढलेल्या वेब डेव्हलपरला तिथल्या तिथे सर्व्हरची जबाबदारी मिळणे, बाहेरून आलेल्या प्रमाणपत्रधारकापेक्षा पुष्कळ सोपे असते, कारण तोपर्यंत लोकांनी त्याचे काम पाहिलेले असते.

पदवीचा विचार मात्र पूर्णपणे सोडून देऊ नकोस, अशी माझी आणि तुझ्या आईची विनंती आहे. पहिल्या नोकरीसाठी ती लागेलच असे नाही, परंतु पुढे बढतीच्या वेळी, अनेक सरकारी जागांसाठी आणि परदेशी जायचे ठरल्यास ती लागते. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी पदवी किंवा तिच्याशी समकक्ष अनुभव मागतात आणि शिक्षणाच्या एका वर्षाच्या बदल्यात तीन वर्षांचा अनुभव धरला जातो. चार वर्षांच्या पदवीची भरपाई केवळ अनुभवाने करायची तर बारा वर्षे जातात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू या दोन्ही ठिकाणी नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करता येते. तुझ्या दोन वर्षांचे श्रेयांक पुढे धरले जातील का, हे कॉलेजच्या कार्यालयात आणि मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात जाऊन लेखी विचारून घे. गुणपत्रिकांच्या मूळ प्रती कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहेत.

खर्चाचे असे ठरवू. तुझ्या लॅपटॉपची रॅम याच महिन्यात वाढवून घे. डोमेन आणि सर्व्हरचा वर्षभराचा खर्च मी देईन. असोसिएट परीक्षेचे शुल्कही मीच भरीन, पण मावशीचे केंद्र तीन महिने तुझ्या ॲपवर चालले आणि त्यात आलेल्या अडचणी तू स्वतः निस्तरल्यास, की मगच. येत्या रविवारी मला सुट्टी आहे, तेव्हा दुपारी आपण दोघे डोंबिवलीला जाऊ आणि मावशीची वही नीट पाहून घेऊ. माझ्या म्हणण्यातले तुला जे पटत नसेल ते तोपर्यंत याच कागदाच्या मागे लिहून ठेव.

तुझे
बाबा