किल्ल्यांच्या सांध्यांत सिमेंट भरणे थांबवा: सिंधुदुर्गातून खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आमच्या जिल्ह्यातले. वास्तूचे अस्सलपण जपू, असा शब्द दिल्याशिवाय त्या यादीत नाव जात नाही. तो शब्द ताजा असताना याच जिल्ह्यात एका जुन्या वास्तूच्या भिंतीत दर्जा (दगडांमधल्या सांध्यांतला मसाला) भरल्या आहेत त्या राखाडी सिमेंटच्या. वास्तूचे नाव घेत नाही. घेतले तर एका ठेकेदाराला काळ्या यादीत टाकून विषय मिटवला जाईल आणि पुढचे अंदाजपत्रक पुन्हा तसेच निघेल.

सिमेंटने काय होते ते एकदा नीट ऐका. जांभा हा आमच्याकडचा लाल दगड सच्छिद्र असतो; त्याचे घडवलेले ठोकळे म्हणजे चिरे. पावसाचे आणि समुद्राचे खारे पाणी तो पितो. सांध्यात चुना असेल तर ते पाणी सांध्यातून बाहेर पडून सुकते, मीठ चुन्यात साचते आणि झिजतो तो चुना, जो पुन्हा भरता येतो. सांधा सिमेंटने बंद केला की पाणी चिऱ्यातूनच बाहेर पडते. मिठाचे खडे चिऱ्याच्या आत फुगतात आणि चिऱ्याचे तोंड भुगा होऊन गळते. काही वर्षांनी सिमेंटची जाळी तेवढी पुढे आलेली दिसते आणि मधला चिरा आत गेलेला. तो चिरा परत कुठून आणणार?

काम कसे करायचे, हे जिल्ह्यातल्या जुन्या गवंड्यांना ठाऊक आहे. कळीचा चुना पाण्याखाली किमान महिनाभर मुरवायचा. एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), दोन भाग धुतलेली नदीची वाळू, असे मिश्रण चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरणाऱ्या चरात, मळायचे. किनाऱ्यावरची वाळू चालत नाही, तिच्यातले मीठ थेट भिंतीत जाते. सांधा त्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायचा, धुवायचा, ओला असतानाच दर्जा दाबून भरायची आणि दोन आठवडे ओले गोणपाट लावून ठेवायचे. उन्हात सोडली तर दर्जा भेगाळते आणि पहिल्याच पावसात गळते. मग अहवालात लिहिले जाते की चुना टिकत नाही!

तट ढासळतो त्याचे कारण बहुतेक वेळा वर असते. बाहेरून-आतून चिऱ्यांची तोंडे आणि मध्ये दगडमातीचा भराव, अशी ही बांधणी. माथ्यावरचा चुन्याचा कोबा गेला की पाणी भरावात उतरते, माती वाहून जाते, भिंतीला पोट सुटते. त्यात पिंपळ. तो वरून छाटला की दुप्पट फुटतो आणि मूळ उपटले तर चिरेही सोबत येतात. बुंधा कापून त्यात औषध घालायचे, मूळ मेल्यावर पोकळीत चुन्याचे पातळ मिश्रण खालून वर हळूहळू भरायचे. विजयदुर्गाच्या पायथ्याला लाटांचा मार आहे तो वेगळाच. २०२० च्या पावसाळ्यात तिथली तटबंदी ढासळली, तेव्हापासून दर जूनमध्ये आमच्या जिवाला घोर लागतो.

आता पैशाचे. निधी हाती येतो तो वर्ष सरताना आणि काम संपवायचे ३१ मार्चच्या आत. महिनाभर चुना मुरवायला वेळ कोण देणार? सर्वांत कमी दराची निविदा घेणारा सिमेंटच आणणार. शिंपले भाजून चुना करणारी कोकणातली माणसे म्हातारी झाली. त्यांच्या हाताखाली शिकायला कोणी नाही, कारण काम मिळण्याची खात्री नाही.

आणि दाद कुठे मागायची? दोन्ही जलदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, वेंगुर्ल्याची डचांची वखार राज्याच्या खात्याकडे. कुडोपीची कातळशिल्पे २०२२ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, पण अशा सड्यांवर, म्हणजे कातळाच्या माळांवर, कोकणात चिरेखाणी सरकत येतात. कोणत्याही दारात गेलो की दुसरे दार दाखवले जाते. हा जिल्हा १९८१ साली झाला. एवढ्या वर्षांत इथल्या सगळ्या वास्तूंची स्थिती एका जागी नोंदवून लोकांसमोर ठेवलेली आम्ही पाहिली नाही.

नवे उभारायला मात्र सरकारला घाई असते. ४ डिसेंबर २०२३ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. समोर पाण्यात महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग उभा आहे. त्या दिवशी मालवणात मान खाली गेली ती आमची, साहेब. मुंबईत बसून ते कळणार नाही.

मागण्या थोड्याच आहेत. संरक्षित वास्तूंच्या अंदाजपत्रकातून सिमेंट काढा आणि चुन्याच्या कामाला स्वतंत्र दर द्या. निधी दोन वर्षांसाठी द्या, म्हणजे पावसाळ्यात चुना मुरेल आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी काम होईल. मालवणात चुन्याची एक घाणी लावा आणि जुन्या गवंड्यांना शिकवण्याचे मानधन द्या. जिथे सिमेंट भरले आहे तिथे ते छिन्नीने, हाताने काढा; यंत्र लावले तर चिऱ्याच्या कडा फुटतील. केंद्राच्या अखत्यारीतल्या किल्ल्यांबाबत आपण दिल्लीला काय लिहिले, ते पत्र जाहीर करा.

पुढचा निधी निघण्याआधी लेखी उत्तर हवे आहे.

आपले,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नागरिक