तडजोड करा, पण अटी आधी उघड करा

महोदय,

महापालिकेने बिल्डरशी कोर्टात तडजोड केली अशी बातमी आली की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला: ‘कोणी किती घेतले?’ तो जरूर विचारावा. पण शहराचे नुकसान बहुतेक वेळा तडजोडीच्या अटींमध्ये होते, आणि त्या वाचायला कोणी मागत नाही.

तडजोड मुळात वाईट नाही. विकास आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेने मैदान, रस्ता अशा कामासाठी आरक्षित जागा घेतली नाही, तर मालक एमआरटीपी कायद्याच्या, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या, कलम 127 खाली नोटीस देतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. रोखीने घ्यायचे तर 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे बाजारभाव आणि वर तेवढीच दिलासा रक्कम. तिजोरीला हे झेपत नाही, म्हणून टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन मिटवायचे. बिल्डरलाही घाई असते: डोक्यावर कर्जाचे व्याज आणि महारेराला (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारे राज्याचे प्राधिकरण) कळवलेली प्रकल्प पुरा करण्याची तारीख. खटला वर्षानुवर्षे रेंगाळून मैदान हातचे जाण्यापेक्षा हे बरेच.

पालिकेविरुद्धच्या दाव्यात तडजोड करायची तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 481 नुसार आयुक्तांना स्थायी समितीची मान्यता लागते. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले, तेव्हा प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच झाला. एरवीही असा विषय ‘आयत्या वेळी’ येऊन एकमताने मान्य होऊ शकतो.

पुढे शिवाजीनगर कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23, नियम 3 खाली तडजोडनामा दाखल होतो. तो लेखी, सहीनिशी आणि कायदेशीर असावा लागतो. बांधकाम नियमावलीत न बसणारी गोष्ट दोघांच्या सहीने बसत नाही. एकदा हुकूमनामा झाला, की तडजोड बेकायदा होती म्हणून तो रद्द करायला वेगळा दावा लावता येत नाही. उच्च न्यायालयात ‘मिनिट्स ऑफ ऑर्डर’ची प्रथा आहे: वकील सही करून मसुदा देतात आणि त्याप्रमाणे आदेश होतो. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये यावर बजावले, की मसुदा कायद्याला धरून आहे का आणि ज्यांना झळ बसेल ते समोर आहेत का, हे न्यायालयाने आधी पाहावे. फ्लॅटधारक सहसा समोर नसतातच. मंजूर लेआउट बदलायला रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 14 नुसार दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, तरी मोकळी जागा इकडची तिकडे सरकवणारी अट तडजोडीत बिनदिक्कत घातली जाऊ शकते.

आता अटींची भाषा पाहा. ‘अर्जदार रस्तारुंदीची जागा यथावकाश हस्तांतरित करील व महापालिका भोगवटा पत्र देईल.’ या वाक्यात सर्व्हे नंबर नाही, क्षेत्र नाही, मोजणी नकाशा नाही, तारीख नाही. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, हातात पडले की ‘यथावकाश’ला अंत नसतो, कारण पालिकेच्या हातातली एकमेव दोरी तेच पत्र होते. क्रम उलटा हवा: भूमी अभिलेखची मोजणी, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला, नोंदणीकृत हस्तांतरण, जागेवर पंचनामा करून ताबा, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर पालिकेचे नाव, मग टीडीआर आणि भोगवटा पत्र. नाव लावायचे राहिले तर तीच जमीन पुन्हा विकली जाऊ शकते, आणि पालिका ताबा पावती घेऊन नव्या दाव्यात प्रतिवादी. हरकत नोंदवून भरलेल्या विकसन शुल्काचेही स्पष्ट लिहावे. परतावा कोणत्या मुद्द्यावर, व्याजासह की बिनव्याजी, हे मोघम ठेवले की तडजोडीतूनच दुसरा खटला जन्मतो. कसूर झाल्यास काय, याचे कलम तर हवेच. ‘पक्षकार कायदेशीर कार्यवाही करतील’ हे कसुराचे कलम नव्हे.

मागणी साधी आहे. तडजोडीचा मसुदा, नकाशा आणि विधी विभागाचा अभिप्राय स्थायी समितीपुढे जाण्याच्या किमान पंधरा दिवस आधी पालिकेच्या संकेतस्थळावर टाकावा, आणि बाधित सोसायट्यांना लेखी कळवावे. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची माहिती आपणहून द्यायला सांगतेच. यासाठी आयुक्तांचे एक परिपत्रक पुरे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे