निर्लेखनाआधी केबल तरी बदलून पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चोपड्यात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. जिनिंगवाले, केळीचे व्यापारी, पतसंस्था आणि आसपासच्या शाळा ही गिऱ्हाइकं. उन्हाळी सुट्टी संपली की शाळांकडून एकच वाक्य ऐकू येतं, ‘भाऊ, टीव्ही गया.’ म्हणजे मॉनिटर बंद. लगेच निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू भंगारात काढण्याचा, प्रस्ताव तयार होतो. त्यात ‘नादुरुस्त’ एवढंच लिहितात आणि अख्खा संच कोपऱ्यात जातो. नेमकं काय बिघडलं, हे कागदावर कुठेच नसतं. माझी तक्रार तेवढ्याबद्दलच आहे.

पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरं उमटत असतील तर मॉनिटर जिवंत आहे, कारण ती अक्षरं तो स्वतः दाखवतो. दोष मग केबलमध्ये नाहीतर सीपीयूच्या डब्यात. आपल्याकडची धूळ, त्यात जिनिंगजवळ उडणारी रुई. रॅमचा, म्हणजे आतल्या मेमरीच्या पट्टीचा, संपर्क सुटतो, पंखा फिरतो पण चित्र येत नाही. वीज बंद करून, वायर काढून रॅम बाहेर घ्यायची, सोनेरी कडा खोडरबराने पुसायची आणि खटकन आवाज येईपर्यंत परत बसवायची. बरेच संच एवढ्यावर उठतात. ग्राफिक्स कार्ड (चित्रासाठीचं वेगळं कार्ड) बसवलेलं असताना मॉनिटरची केबल त्याला न लावता मदरबोर्डला, म्हणजे मुख्य बोर्डाला, जोडलेली, हाही नेहमीचाच प्रकार.

व्हीजीए केबलमध्ये, म्हणजे मॉनिटरच्या जुन्या पद्धतीच्या केबलमध्ये, लाल, हिरवा, निळा या रंगांच्या पिना वेगवेगळ्या असतात. निळ्याची वाकली की पांढरं पान पिवळं दिसतं. बारीक चिमट्याने, सांभाळून, ती सरळ होते. (नऊ नंबरची पिन पुष्कळ केबलींना मुळातच नसते, ती शोधत बसू नये.) पडद्यावर रेषा येत असतील तर स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या संगणकावर पाहा. त्यात रेषा उतरल्या तर दोष ग्राफिक्स कार्डाचा किंवा ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा). चित्र स्वच्छ असेल तर मॉनिटर किंवा केबल पाहायची, मात्र तेवढ्यावरून कार्ड निर्दोष आहे असं समजू नका.

मॉनिटर खरोखर जातोही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, वर पत्रे. पॉवर बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, फुगतात. तापमान १० अंशांनी वाढलं की दर वेळी त्यांचं आयुष्य निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. ते बदलता येतात, पण घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आत विजेचा साठा राहतो. काळ्या पडद्यावर टॉर्च तिरका धरल्यावर पुसट चित्र दिसलं तर मागचा प्रकाश गेलाय. मागच्या प्रकाशासाठी ट्यूब असलेल्या जुन्या एलसीडीत पारा असतो, त्यामुळे ती उकिरड्यावर नकोच. पॅनेलच फुटलं असेल तर नवा मॉनिटर घ्या, असं मीही सांगतो.

मागणी साधी आहे. दुसरी केबल आणि दुसरा संगणक लावून पाहिला का आणि कोणता भाग गेला, हे दुरुस्तीवाल्याच्या सहीने लिहून घेतल्याशिवाय निर्लेखन मंजूर करू नये. दुकानदारांनीही बिलावर भागाचं नाव लिहून काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यावा. माझ्या व्यवसायबंधूंना हे रुचणार नाही. पण ट्रॅक्टरचा मेकॅनिक जुनी बेअरिंग मालकाच्या हातावर ठेवतोच ना? मग आम्हालाच काय अडचण आहे?

आपला,
एक संगणक दुरुस्तीवाला, चोपडा (जि. जळगाव)