फ्रेममध्ये मावतील तेवढेच सुपरहिरो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉमिक्समधल्या सुपरहिरोंनी पडद्यावर एकत्र यावं की ज्याने त्याने आपापला चित्रपट सांभाळावा, या वादात दोनच पक्ष तावातावाने बोलताना दिसतात. एक म्हणतो, जितके जास्त तितकी धमाल. दुसरा म्हणतो, हा सगळा गल्ला भरायचा उद्योग आहे. मी व्यवसायाने चित्रपट संकलक. सुपरहिरोंचा चित्रपट माझ्या टेबलावर कधी आलेला नाही आणि येण्याची शक्यताही नाही. पण एका खोलीत पाच-सहा माणसं एकमेकांशी बोलताहेत असले प्रसंग कापण्या-जोडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि या वादाचं निदान अर्धं उत्तर तिथं सापडतं असं मला वाटतं. एकत्र यावं का? जरूर यावं. किती जणांनी आणि कशासाठी, इथंच माझं भांडण आहे.

आधी दुसऱ्या पक्षाबद्दल. हे खूळ आजच्या स्टुडिओंनी काढलं असं म्हणणाऱ्यांनी जुने अंक चाळावेत. १९४० मध्ये ‘मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स’मध्ये ह्यूमन टॉर्च आणि सबमरिनर एकमेकांना भिडले. एक आगीचा, दुसरा पाण्याचा. ही झुंज कुणाला सुचली नसती तरच नवल. गंमत म्हणजे अंक संपला तरी कुणी हरेना, आणि पुढच्या अंकात एका पानात प्रकरण मिटवावं लागलं. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात जस्टिस सोसायटी हा सुपरहिरोंचा संघ जमला. पण जमला म्हणजे काय, तर सगळे टेबलाभोवती बसले आणि ज्याने त्याने आपापली गोष्ट सांगितली! या सोसायटीचा एक नियम मला फार आवडतो. ज्याला स्वतःच्या नावाचं मासिक मिळे, तो संघातून बाहेर पडे. फ्लॅश असाच गेला, ग्रीन लँटर्न असाच गेला. म्हणजे ज्यांना अजून घर मिळालेलं नाही, त्यांना वाचकांसमोर आणायची ती जागा होती. आज नेमकं उलट चालतं.

सुपरमॅन आणि बॅटमॅन हे दोघं ‘वर्ल्ड्स फायनेस्ट’च्या मुखपृष्ठावर वर्षानुवर्षं एकत्र झळकायचे, पण आत गोष्टी वेगवेगळ्या असायच्या. १९५४ मध्ये अंकाची पानं कमी करावी लागली, म्हणून दोघांना एकाच गोष्टीत बसवलं गेलं. इतकी नामांकित मैत्री, आणि तिच्या मुळाशी पानांची काटकसर! तेव्हा धंद्याच्या नावाने नाक मुरडण्यात अर्थ नाही. धंदा पहिल्यापासून होताच.

आता माझ्या टेबलाकडे येते. नवशिक्या संकलकाला वाटतं, जो बोलतोय त्याला दाखवावं. प्रत्यक्षात प्रसंग उभा राहतो तो ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. रिॲक्शन शॉट हा आमच्या धंद्यातला खरा ऐवज. आता हिशेब बघा. खोलीत दोन माणसं असली तर कोण कुणाकडे बघतंय याच्या शक्यता २. तिसरा आला की ६. सहा जण झाले की ३०. बारा जण उभे केले तर १३२. प्रेक्षक हे मोजत बसत नाही, पण त्याला ते जाणवतं. कोण कुठे आहे, कुणाला काय लागलं, कुणाचं कुणावाचून अडलंय, हे कळेनासं झालं की तो खुर्चीत मागे रेलतो आणि नुसते स्फोट बघत बसतो. दोष त्याचा नसतो.

त्यात सुपरहिरोंची आणखी एक अडचण आहे, जिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. यांच्यातले निम्मे मुखवटा घालतात! बॅटमॅनचे ओठ आणि हनुवटी सोडली तर हाती काही लागत नाही. स्पायडरमॅनचं तेवढंही नाही. मग प्रतिक्रिया दाखवायची कशी? ‘आयर्न मॅन’ने २००८ मध्ये यावर छान तोड काढली: शिरस्त्राणाच्या आतून घेतलेला चेहऱ्याचा क्लोजअप. २०१६ मध्ये स्पायडरमॅनच्या मुखवट्याला बारीक-मोठे होणारे डोळे दिले. बाकीच्यांचा उपाय म्हणजे संधी मिळेल तेव्हा मुखवटा काढायचा. लोक हसतात, की एवढं गुपित जपणारी माणसं भर लढाईत तोंड उघडं टाकून का फिरतात. मी हसत नाही. तिकडच्या संकलकाला कापायला चेहरा हवा असतो, हे मला ठाऊक आहे.

हे सगळं जमलेला प्रसंग पाहायचा तर २०१२ च्या ‘द ॲव्हेंजर्स’मधला उडत्या जहाजावरच्या प्रयोगशाळेतला बघावा. कॅप्टन अमेरिका, टोनी स्टार्क (म्हणजे आयर्न मॅन), थॉर, ब्रूस बॅनर, नताशा आणि निक फ्युरी. मोजून सहा. सगळे एकमेकांवर डाफरताहेत, एकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतंय. मग बॅनर बोलू लागतो. आपण एकदा जीव द्यायला निघालो होतो, तोंडात गोळी झाडून घेतली आणि आतल्या ‘त्या’ने, म्हणजे हल्कने, ती थुंकून टाकली, हे तो आवाज न चढवता सांगतो. खोली गप्प होते. त्याचा आवाज मात्र आता चढत जातो, आणि मग कॅप्टन त्याला सांगतो, हातातला राजदंड खाली ठेव. बॅनर स्वतःच्या हाताकडे बघतो. खलनायक लोकीचा तो राजदंड आपण कधी उचलला, त्याचा त्यालाच पत्ता नाही.

एक ठोसा नाही, काही कोसळत नाही. तीसच्या तीस नजरा एका हातावर येऊन थांबतात. त्या चित्रपटाने जगभरात दीड अब्ज डॉलरच्या वर कमाई केली ती शेवटच्या न्यूयॉर्कमधल्या लढाईमुळे, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण ती लढाई आपण जीव मुठीत धरून बघतो, त्याची तजवीज या खोलीत झालेली असते.

एकत्र येण्यातून मिळतं ते हे. सुपरहिरोच्या एकट्याच्या चित्रपटात त्याच्याकडे बघणारे सगळे आ वासून वर बघत असतात. त्याला बरोबरीच्या नजरेने बघणारं, त्याचं बिंग ओळखणारं, त्याला ‘पुरे आता’ म्हणणारं तिथं कुणी नसतं. दुसरा सुपरहिरो ते करू शकतो. ज्या एकत्र चित्रपटात कुणी कुणाकडे असं बघत नाही, तो काढला काय आणि न काढला काय.

२०१६ चं ‘सिव्हिल वॉर’ घ्या. विमानतळावर दोन्हीकडे सहा-सहा. १३२ नजरा झेपणार नाहीत हे करणाऱ्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी गर्दी दोन-दोन, तीन-तीन जणांत फोडली. म्हणून तर लक्षात राहतो तो कोवळा स्पायडरमॅन आणि कॅप्टन यांच्यातला छोटासा संवाद: तू कुठला, मी क्वीन्सचा, मी ब्रुकलिनचा. तीन वर्षांनी आलेल्या ‘एंडगेम’मध्येही अंगावर काटा येतो तो, कॅप्टन फुटकी ढाल दंडाला आवळून अख्ख्या फौजेसमोर एकटा उभा राहतो तेव्हा. नंतर सगळे दाखल होतात आणि पुढे बराच वेळ हजेरीपट वाचला जातो. प्रत्येकाला एक शॉट, फार तर दोन. त्या गर्दीला अर्थ आला, कारण मागे एकवीस चित्रपटांची पुण्याई होती. ती नसलेल्यांनी नक्कल केली की काय होतं, ते आपण पाहिलंच आहे.

‘जस्टिस लीग’ २०१७ मध्ये दोन तासांचा आला, तेव्हा त्यातल्या फ्लॅश, ॲक्वामॅन आणि सायबॉर्ग यांना स्वतःचे चित्रपटच मिळाले नव्हते. तिघांची ओळख, वर वंडर वुमन, बॅटमॅन आणि मेलेल्या सुपरमॅनला उठवायचं काम, आणि खलनायक. दोन तासांत! २०२१ मध्ये दिग्दर्शक झॅक स्नायडरची आवृत्ती आली ती चार तासांची. तिच्यात सायबॉर्ग आणि त्याचे वडील यांची गोष्ट परत आली आणि एकदम कळलं की चित्रपटाचा जीव तिथं होता. आधी कापला गेला तो नेमका हाच भाग. का, ते मी सांगू शकते. वेळ कमी पडला की लढाईचे शॉट कुणी कापू देत नाही, कारण त्यांवर पैसा ओतलेला असतो. कात्री चालते ती दोन माणसं शांतपणे बोलत असतात तिथं. (चार तासांचा चित्रपट सरसकट चांगला आहे असं माझं म्हणणं नाही. त्यातलं स्लो मोशन नेहमीच्या वेगाने चालवलं तर बराच वेळ वाचेल.)

कुणी म्हणेल, २०२३ च्या ‘द मार्व्हल्स’मध्ये तर तिघीच होत्या, लांबीही पावणेदोन तास, मग तो का आपटला? आक्षेप रास्त आहे. तिघींनी शक्ती वापरल्या की त्यांच्या जागांची अदलाबदल होते, ही कल्पनाही नामी होती. पण तिघींपैकी दोघी कोण, हे नीट समजायला दोन मालिका आधी पाहिलेल्या हव्यात. चित्रपटाला जाण्याआधी गृहपाठ करायला लागला की माणसं घरीच बसतात. नजरांचा हिशेब बरोबर असला तरी बघणारी व्यक्ती कोण हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर तो हिशेब फुकट.

सुपरमॅन-बॅटमॅन जोडीबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण सर्वांत जास्त आक्षेप तिच्यावर असतो. ग्रह हलवू शकणारा सुपरमॅन हयात असताना गल्लीबोळांत भुरटे चोर पकडणाऱ्या बॅटमॅनचं काय काम? क्रिस्टोफर नोलनच्या बॅटमॅनच्या जगात सुपरमॅन नव्हता ते बरंच झालं, त्या जगाला तो पेलला नसता. पण उत्तरच नाही असं नाही. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’बद्दल माझं मत एकूण वाईटच आहे, तरी सुरुवातीची मेट्रोपोलिसमधली मिनिटं पुन्हा बघा. वर आभाळात सुपरमॅन आणि खलनायक झॉड झुंजताहेत आणि खाली ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याविना बॅटमॅन, कोसळणाऱ्या इमारतीच्या धुळीत शिरतोय. तीच लढाई २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये आपण वरून पाहिली होती. आता ती खालून दिसते, आणि सुपरमॅन भयंकर दिसतो. या नजरेवर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. पुढे तो दोघांच्या आयांचं नाव एकच, मार्था, या योगायोगावर येऊन अडकला, त्याला इलाज नाही.

कॉमिक्सने याच प्रश्नाला १९९० मध्ये जास्त चांगलं उत्तर दिलं होतं. आपल्याला मारू शकेल अशी क्रिप्टोनाइटची अंगठी सुपरमॅन स्वतःहून बॅटमॅनच्या हवाली करतो. उद्या माझं डोकं फिरलं, माझ्यावर कुणी ताबा मिळवला, तर मला थांबवायला तू हवास. चित्रपटातल्या बॅटमॅनने क्रिप्टोनाइटचा भाला घडवण्यात जेवढा वेळ घालवला, त्याच्या दहाव्या हिश्शात हा अंगठीचा प्रसंग झाला असता. दोन चेहरे आणि एक छोटी डबी. असं फुटेज हाती येण्यासाठी मी काहीही करेन.

तेव्हा निर्मात्यांनी संघ जमवण्याआधी एवढंच विचारावं, की यांच्यातला कोण कुणाला खुपतो. १९६३ मध्ये ॲव्हेंजर्सचं कॉमिक सुरू झालं आणि दुसऱ्याच अंकात हल्क रागावून निघून गेला. लोकांनी पुढचा अंक घेतलाच ना! भांडण नसलेला संघ म्हणजे गणवेश घातलेली गर्दी.

शेवटी माझी फर्माईश. १९७६ मध्ये डीसी आणि मार्व्हल या दोन प्रतिस्पर्धी प्रकाशकांनी मिळून सुपरमॅन आणि स्पायडरमॅनचा एक जाडजूड अंक काढला. लेखक जेरी कॉनवे, चित्रं रॉस अँड्रूची. सुपरमॅनचा वैरी लेक्स लुथर लाल सूर्याच्या किरणांनी स्पायडरमॅनला तात्पुरतं बळ देतो, म्हणून तो सुपरमॅनला मारू शकतो. मग ते बळ ओसरतं, पण त्याला कळत नाही. तो ठोसे मारतच राहतो, आणि सुपरमॅन नुसता उभा. दुखतात ते मारणाऱ्याचेच हात. त्यात दोघंही वर्तमानपत्रात काम करणारे, एक वार्ताहर आणि एक छायाचित्रकार. आपल्याला तर हे विशेष आवडायला हवं. दोघांचे संपादकही एकाहून एक तापट. यातून दोन तासांचा चित्रपट सहज होईल. खलनायकांची फौज नको, आभाळातून पडणारं जहाज नको. सुपरमॅन वॉर्नरकडे आणि स्पायडरमॅनच्या चित्रपटाचे हक्क सोनीकडे, हे मला माहीत आहे. ती भानगड वकिलांनी बघावी.

आपली,
एक चित्रपट संकलक