क्लॅट, सीईटी आणि पैकीच्या पैकी गुणांचा हट्ट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीनंतर पाच वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमाला जाऊ पाहणाऱ्या मुलांची संख्या महाराष्ट्रात वाढते आहे. त्यांतले अनेक जण एकाच मोसमात दोन परीक्षा देतात : राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट आणि राज्यातल्या महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्षाची विधी सीईटी. दोन्हीकडे १२० प्रश्न, १२० गुण, दोन तास. आकडे सारखे असल्याने घराघरांत आणि क्लासांतही एकच लक्ष्य ठरवलं जातं, १२० पैकी १२०. या हट्टापायी हुशार मुलांचे गुण जातात, म्हणून हे सविस्तर पत्र. आमचं म्हणणं थोडक्यात असं : पूर्ण गुणांचा आग्रह सरावाच्या वहीत कितीही कडक असावा, पण क्लॅटच्या दिवशी तो घरी ठेवून जावं.

आधी दोन परीक्षांमधला फरक. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे शुद्ध नुकसान. शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काही ना काही उत्तर द्यायलाच हवं. क्लॅटमध्ये प्रत्येक चुकीला पाव गुण जातो. पण त्याची जी भीती घातली जाते, तीही हिशेबाला धरून नाही. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तर अशा दहा प्रश्नांत सरासरी अडीच बरोबर येतात, साडेसात चुकतात. अडीच वजा १.८७५, म्हणजे हाती जेमतेम ०.६२५ गुण. तोटा नाही, पण फायदाही नगण्य. दोन पर्याय खात्रीने बाद करून उरलेल्या दोनांतून निवडलं, तर त्याच दहा प्रश्नांत पाच वजा सव्वा, म्हणजे पावणेचार गुण मिळतात. म्हणून नियम साधा ठेवावा : किमान एक पर्याय कारणासह बाद करता आला तर उत्तर द्या, दोन बाद झाले तर बिनधास्त द्या, काहीच बाद होत नसेल तर पुढे चला आणि त्या प्रश्नावर परत येऊ नका.

‘परत येऊ नका’ हेच मुलांना जमत नाही. पूर्ण गुणांचा ध्यास घेतलेला विद्यार्थी एका तर्काच्या प्रश्नावर चार मिनिटं घालवतो. असे दोन प्रश्न झाले की आठ मिनिटं गेली आणि पेपराच्या शेवटी पाच सोप्या प्रश्नांचा एक अख्खा उतारा वाचायचाच राहतो. कठीण प्रश्नालाही एकच गुण आणि सोप्यालाही एकच.

क्लॅटचा पेपर म्हणजे मुळात वाचनाची परीक्षा. सुमारे ४५० शब्दांपर्यंतचे उतारे आणि त्यांवर चार ते सहा प्रश्न. मिनिटाला २०० शब्द या वेगाने वाचणाऱ्याला एका उताऱ्याला सव्वादोन मिनिटं लागतात. पाच प्रश्नांसाठी पाच मिनिटं धरली, तर उत्तरांना उरली पावणेतीन, म्हणजे प्रश्नामागे तेहतीस सेकंद. ही तंगी एकाच विभागातून सुटते, ती चालू घडामोडींतून. तिथे २८ ते ३२ प्रश्न असतात आणि बहुतेकांची उत्तरं उताऱ्यात नसतात. ती माहीत असतात किंवा नसतात. उतारा शब्दन् शब्द वाचत बसू नये. त्याच्या पहिल्या दोन ओळी पाहून विषय कळला की थेट प्रश्न. हा विभाग बारा मिनिटांत संपवता येतो. मग कायदेशीर तर्काला ३५, इंग्रजीला २४, तार्किक विचाराला २८, गणिताला १५ अशी वाटणी केली की ११४ मिनिटं होतात आणि सहा हाताशी राहतात. विभागांचा क्रम ज्याचा त्याने ठरवावा, पण तो सरावात पक्का झालेला असावा. गणित मात्र अगदी शेवटी ठेवू नये, थकलेल्या डोळ्यांना आकडे दगा देतात.

ओएमआर पत्रिकेकडे, म्हणजे उत्तरांचे गोल भरायच्या कागदाकडे, कुणी लक्ष देत नाही. एक गोल भरायला चार सेकंद धरले, तरी १२० गोलांना आठ मिनिटं लागतात. वरच्या वाटणीत ती धरलेली आहेत, ती शेवटासाठी साठवली तर घात होतो. प्रत्येक उतारा संपला की त्याचे पाच गोल भरावेत. एक प्रश्न सोडला तर पत्रिकेवरची ओळही सोडली का, हे बोट ठेवून पाहावं. एका ओळीची चूक पुढच्या वीस उत्तरांना घेऊन बुडते आणि बॉलपेनने भरलेला गोल खोडता येत नाही. घरी सराव करतानाही छापील ओएमआर वापरावी, वहीत अ-ब-क-ड लिहून ही सवय लागत नाही.

आता कायदेशीर तर्क. समान गुण पडले तर क्लॅटच्या गुणवत्ता यादीत आधी याच विभागातले गुण पाहतात, त्यानंतर वय. इथली सर्वांत महागडी चूक करतो तो जास्त वाचलेला विद्यार्थी. एक नमुना घ्या. उताऱ्यात १८६८ च्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर खटल्याचा नियम दिला आहे : धोकादायक वस्तू जमिनीवर साठवणारा, ती निसटून नुकसान झालं तर निष्काळजीपणा नसतानाही जबाबदार, मात्र दैवी आपत्ती हा अपवाद. प्रश्नात कारखान्याची रसायनाची टाकी अभूतपूर्व पुराने फुटते. ज्याला १९८६ चा ओलियम वायुगळतीचा निकाल पाठ आहे, तो म्हणतो, धोकादायक उद्योगाला आपल्याकडे अपवाद नाहीत, कारखाना जबाबदार. कायद्याच्या वर्गात हे उत्तर बरोबर ठरेल. या पेपरात ते चूक, कारण उताऱ्याने अपवाद दिलेला आहे आणि उत्तर उताऱ्यातूनच द्यायचं आहे. त्यासाठी उतारा वाचताना तीनच गोष्टींखाली रेघ मारावी : नियम कोणाला लागू, कोणत्या अटींवर, आणि अपवाद कोणता. ‘परंतु’, ‘जोपर्यंत’, ‘केवळ’ या अर्थाचे इंग्रजी शब्द म्हणजे प्रश्नकर्त्याने सापळा कुठे लावला त्याच्या खुणा. मग प्रश्नातली हकिकत एकेका अटीवर तपासायची. चारपैकी तीन अटी पुऱ्या होतात आणि चौथी होत नाही, अशीच हकिकत बहुधा दिलेली असते.

सीईटीत याच्या नेमकं उलट चालतं. तिथे कायद्याची थेट माहिती विचारतात आणि ती नसेल तर तर्क कामाला येत नाही. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीत कायदा ३२, सामान्य ज्ञान २४, तर्क ३२, इंग्रजी २४ आणि गणित ८ प्रश्न अशी रचना आहे. जुनी पुस्तकं रद्दीत टाकायला हवीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८. दंड संहितेची ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. मोठ्या भावाबहिणीची पुस्तकं वापरणारी मुलं इथे हकनाक गुण घालवतात. राज्यघटनेसाठी मूलभूत हक्कांची कलमं, बारा अनुसूची, कलम ३२ आणि २२६ मधला फरक, पाच प्रकारचे रिट (न्यायालयाचे आदेश) आणि महिला आरक्षणाच्या १०६ व्या दुरुस्तीपर्यंतच्या महत्त्वाच्या घटनादुरुस्त्या, एवढं चोख असावं.

तार्किक विभागात गृहीतकाचा प्रश्न सर्वांना नडतो. त्याची एक खात्रीची कसोटी आहे : पर्याय उलटा करून पाहा. ‘हेल्मेटसक्तीनंतर शहरातले अपघाती मृत्यू घटले, म्हणून सक्तीचा उपयोग झाला’ हा युक्तिवाद घ्या. पर्याय आहे, ‘त्याच काळात मृत्यू घटण्याचं दुसरं मोठं कारण घडलं नव्हतं.’ उलटा केला की ‘दुसरं मोठं कारण घडलं होतं’, आणि युक्तिवाद कोसळतो. म्हणून हेच गृहीतक. ‘बहुतेक लोकांना हेल्मेट आवडतं’ हा पर्याय उलटा केला तरी युक्तिवादाला धक्का लागत नाही, म्हणून तो बाद. गणितात पातळी दहावीचीच : टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी. पण ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर जाणं ही दहा टक्के-अंकांची वाढ आणि पंचवीस टक्क्यांची वाढ, हा फरक न कळल्याने चुका होतात. एकाच माहितीवर पाच-सहा प्रश्न असतात, त्यामुळे पहिल्या तक्त्यातली चूक सगळीकडे पसरते. तक्ता मांडला की बेरजा एकदा ताडून मगच पुढे जावं.

इथवर परीक्षेच्या दिवसाबद्दल झालं. सरावात मात्र पैकीच्या पैकीचाच आग्रह धरावा, आणि तो घड्याळ न लावता. सुरुवातीचे दोन महिने घड्याळ बाजूला. एक उतारा, पाच प्रश्न, पाचही बरोबर. आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चूक हे उताऱ्यातल्या शब्दाचा हवाला देऊन लिहायचं. सलग दहा उतारे असे निर्दोष गेले की आठ मिनिटांची मर्यादा घालावी, मग साडेसहा, मग पाच. अचूकता ढासळली की पुन्हा एक पायरी मागे. वेगापासून सुरुवात करणाऱ्यांची अचूकता पुढे सुधारत नाही, कारण अंदाजाने उत्तर देण्याची सवय हाडीमाशी खिळते.

पूर्ण मॉक (सराव परीक्षा) सोडवल्यावर उत्तरतालिका लगेच उघडू नये. ज्या प्रश्नांवर शंकेची खूण केली होती ते सगळे, वेळेचं बंधन न ठेवता, दुसऱ्या रंगाच्या पेनाने पुन्हा सोडवावेत. मग दोन्ही गुण मोजावेत. वेळेत ८८ आणि निवांत ११२ आले, तर आकलन चांगलं आहे, अडचण वेगाची आणि निवडीची. वेळेत ८८ आणि निवांत ९३ आले, तर आणखी वीस मॉक सोडवूनही काही होणार नाही; वाचनाकडे आणि तर्काच्या मुळाकडे परत जायला हवं. हा एक फरक ओळखला तर महिनोन् महिने वाचतात. चुकांची वही ठेवावी, पण ‘निष्काळजीपणा’ असा शेरा त्यात लिहू नये, त्यातून काहीच शिकता येत नाही. ‘नकारार्थी प्रश्न होकारार्थी वाचला’, ‘बाहेरचं ज्ञान वापरलं’, ‘पर्यायाचा पहिला अर्धा भाग खरा म्हणून पुढचा वाचलाच नाही’, ‘उतारा “काही” म्हणतो, पर्याय “सर्व” म्हणतो’, अशी नेमकी नोंद हवी. महिन्याअखेर मोजलं की तीन-चार प्रकारच्या चुकांतच बहुतेक गुण गेलेले दिसतात.

मॉक किती, हा पालकांचा ठरलेला प्रश्न. गेली काही वर्षं क्लॅट डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आहे. त्या हिशेबाने ऑगस्टपर्यंत आठवड्याला एक, पुढे दोन, नोव्हेंबरात तीन पुरे. प्रत्येकाच्या विश्लेषणाला किमान चार तास द्यायलाच हवेत. ते देता येत नसतील तर मॉक कमी करावेत. मॉक दुपारी दोन ते चार याच वेळेत सोडवावेत, जेवणानंतरची सुस्ती त्या वेळेलाच गाठते. शेवटचे दोन दिवस एकही नको. मराठी माध्यमाच्या मुलांनी क्लॅट केवळ इंग्रजीत असते म्हणून ती सोडून देऊ नये. रोज इंग्रजी वृत्तपत्रांतले तीन वैचारिक लेख वाचून प्रत्येकाचा आशय मराठीत दोन वाक्यांत लिहिला, तर आकलनाचा पाया भक्कम होतो. परीक्षेत इंग्रजी लिहायचं नसतंच, समजून घ्यायचं असतं.

पूर्ण गुणांचं लक्ष्य फसवं असण्याचं आणखी एक कारण विद्यार्थ्यांच्या हातात नाही. १ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या क्लॅटमधल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २० डिसेंबरला चुकीची ठरवली. प्रकरण खंडपीठाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. ७ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न काढण्यातल्या बेफिकिरीबद्दल उघड खेद व्यक्त केला. तोवर मुलांचे पाच महिने टांगणीवर गेले होते. ज्याने अशा प्रश्नाचं योग्य उत्तर दिलं त्याचाच गुण कापला गेला, अशी ही चूक असते. म्हणून तात्पुरती उत्तरतालिका येताच त्याच दिवशी स्वतःचे प्रश्न ताडून पाहावेत आणि आक्षेप नोंदवताना उताऱ्यातली ओळ किंवा प्रमाण ग्रंथाचं पान द्यावं. मुदत फार थोडी असते.

आक्षेपासाठी प्रत्येक प्रश्नामागे १,००० रुपये भरावे लागले आहेत. शेतमजुराच्या किंवा रिक्षाचालकाच्या मुलीने, आपलं उत्तर बरोबर आहे हे माहीत असूनही, या रकमेपायी गप्प बसावं हे कायद्याच्या प्रवेश परीक्षेला शोभत नाही. क्लॅट घेणाऱ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या महासंघाने आणि आपल्या राज्याच्या सीईटी कक्षाने आक्षेपाचं शुल्क नाममात्र करावं आणि अंतिम उत्तरतालिकेसोबत प्रत्येक वादग्रस्त प्रश्नाचं कारण दोन ओळींत प्रसिद्ध करावं. आपल्या वृत्तपत्राने हा विषय निकालाच्या बातमीबरोबर न मांडता अर्ज भरण्याच्या काळातच लावून धरावा, ही विनंती.

आपले,
कायदा प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणारे दोन शिक्षक, पुणे