खेळ सव्वासहाचा, चित्रपट सहा एकेचाळीसला

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत दर शुक्रवारी नव्या चित्रपटांची परीक्षणे येतात आणि ती मी आवडीने वाचते. मात्र चित्रपट नक्की किती वाजता सुरू होतो आणि किती वाजता सुटतो, ही प्रेक्षकाला परीक्षणातल्या ताऱ्यांइतकीच गरजेची माहिती हल्ली कोठेही छापली जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले असून पुण्यात एकटीच राहते. आठवड्यातून तीन-चार चित्रपट पाहायचे, तेही चित्रपटगृहात जाऊनच, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. गेल्या आठवड्यात तर सात दिवसांत सहा वेळा मी चित्रपटगृहाची पायरी चढले आणि त्यांपैकी पाच वेळा चित्रपट पाहायला मिळाला.

प्रत्येक खेळाला मी छोटी वही नेते आणि तीत तीन वेळा टिपते. पहिली तिकिटावर छापलेली, दुसरी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र पडद्यावर झळकल्याची आणि तिसरी अखेरीस दिवे लागल्याची. प्रमाणपत्र दिसले म्हणजे चित्रपट सुरू झाला, यात वादाला जागा नाही, आणि त्याच कागदावर चित्रपटाची लांबी मिनिटांत लिहिलेली असते, जी बहुतेकांच्या नजरेतून निसटते. ही सवय विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात रसग्रहणाचा वर्ग केला तेव्हापासूनची. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेला आकार देणारे पी. के. नायर अंधारात बसून वहीत टिपणे काढत, असे तेथे ऐकले होते. त्यांची टिपणे चित्रपटाविषयीची होती आणि माझी घड्याळाविषयीची आहेत, तेव्हा बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही.

शुक्रवारी एका मल्टिप्लेक्समध्ये नवा हिंदी चित्रपट पाहिला. तिकिटावर वेळ होती ६.१५ आणि प्रमाणपत्र पडद्यावर आले ६.४१ ला. मधल्या सव्वीस मिनिटांत बांधकाम व्यावसायिकांच्या, सराफांच्या आणि एका चारचाकीच्या जाहिराती झाल्या, ती चारचाकीची तर दोनदा झाली. शिवाय आगामी चित्रपटांच्या पाच झलका दाखवल्या गेल्या. राष्ट्रगीताची ५२ सेकंदे यात आहेत, आणि धूम्रपानाची दृश्ये असलेल्या चित्रपटांना नियमाने बंधनकारक असलेला तंबाखूविरोधी संदेश व त्यानंतरची सूचनाही आहे; परंतु संदेश अर्ध्या मिनिटाचा आणि सूचना वीस सेकंदांची, म्हणजे हे सगळे मिळून दोन मिनिटांच्या आत आटोपते. उरलेली चोवीस मिनिटे माझी होती आणि ती मला न विचारता विकली गेली. चित्रपट सुटला तेव्हा आमच्या भागात जाणारी शेवटची बस निघून गेली होती आणि रिक्षाला तिकिटाइतकेच पैसे पडले.

ही एकट्या म्हातारीची कुरकुर आहे असे कोणी समजू नये. बंगळुरूच्या एका प्रेक्षकाने ४.०५ चा खेळ साडेचारला सुरू झाला म्हणून ग्राहक आयोगाकडे दाद मागितली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने त्याच्या बाजूने निकाल देताना तिकिटावर चित्रपट प्रत्यक्ष सुरू होण्याची वेळ छापावी असेही सांगितले. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. न्यायालयात काय टिकेल ते कायदेपंडितांनी पाहावे. परंतु आगगाडीच्या तिकिटावर जी वेळ असते ती गाडी सुटण्याची असते, फलाटावरचे जाहिरातफलक वाचायला लागण्याची नसते, एवढे कळायला कायदा शिकावा लागत नाही.

वेळ पाळणे अशक्य असते तर मी गप्प बसले असते. सोमवारी आमच्या फिल्म सोसायटीने एक जुना कृष्णधवल मराठी चित्रपट दाखवला. साडेसहा म्हणजे साडेसहाला दिवे मालवले गेले, उशिरा आलेल्या दोघांना दारातच थांबवून एक प्रसंग संपल्यावर आत सोडले, आणि अखेरचे नाव पडद्यावरून सरेपर्यंत कोणी उठले नाही. शनिवारी पेठेतल्या एका एकपडदा टॉकीजमध्ये तीनचा खेळ पाहिला. तेथेही प्रमाणपत्र ३.०४ ला आले. मात्र तेथील प्रक्षेपकाचा उजेड इतका मंद होता की रात्रीच्या प्रसंगांत कोण कोणाला मारत आहे ते केवळ आवाजावरून ओळखावे लागले. तरीही डोअरकीपर बॅटरी दाखवत खुर्चीपर्यंत घेऊन गेला, याचे समाधान वाटले.

सर्वांत जास्त खटकला तो बुधवारचा अनुभव. एका नव्या मराठी चित्रपटाच्या प्रदर्शनपूर्व खास खेळाचे दोन पास भाच्याच्या मित्राने दिले होते आणि त्यांवर वेळ सायंकाळी साडेसहाची होती. प्रमुख पाहुणे वाहतुकीत अडकल्यामुळे सात वाजेपर्यंत थांबलो, नंतर पुष्पगुच्छ, शाली आणि भाषणे झाली, आणि ७.२५ ला चित्रपट सुरू झाला. तो चांगला होता की नव्हता हे येथे सांगत नाही, कारण फुकट पासावर पाहिलेल्या चित्रपटाविषयीचे मत किती खरे असते, याची मला त्याच रात्री शंका आली. बाहेर पडण्याच्या एकमेव दारात दिग्दर्शक हात जोडून उभे होते आणि त्यांच्या बाजूला मोबाइल व माइक घेतलेली तीन-चार मुले येणाऱ्या प्रत्येकाला ‘कसा वाटला?’ असे विचारत होती. दोन वर्षे खपलेला माणूस हातभर अंतरावर उभा असताना, दुसऱ्या अर्ध्या भागात मला डुलकी लागली, हे कोण सांगणार? मीही ‘छायाचित्रण सुरेख आहे’ एवढेच म्हणून सटकले. तीच वाक्ये दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांच्या उत्स्फूर्त प्रतिक्रिया म्हणून सगळीकडे फिरत होती.

परंतु मनाला लागले ते त्याआधीचे. चित्रपट संपून श्रेयनामावली सुरू झाली तेव्हा आमच्या रांगेच्या कडेला एक चौकोनी कुटुंब उठून भिंतीला टेकून उभे राहिले. नवरा-बायको आणि शाळकरी वयाची दोन मुले. नवरा लाइटमन होता, हे मला त्याच्या बायकोने नंतर सांगितले. मोठ्या मुलीने मोबाइल उभा धरून पडद्याकडे रोखला होता, कारण वडिलांचे नाव कोणत्याही क्षणी येणार होते. दिग्दर्शन, संगीत आणि वेशभूषा ही खाती सरकून गेली, आणि प्रकाशयोजनेच्या नावांना सुरुवात होणार तोच सभागृहातले सगळे दिवे लागले, पडदा फिकट पडला आणि ‘अल्पोपहाराची सोय बाहेर केली आहे’ अशी सूचना ध्वनिक्षेपकावरून झाली. मुलीने मोबाइल तसाच धरून ठेवला होता. त्यात काय आले असेल ते आले असेल. वडील तिला ‘चल गं, पुन्हा बघू’ असे म्हणाले. ज्या चित्रपटाच्या कौतुकासाठी पंचवीस मिनिटे सत्कार आणि भाषणे झाली, त्याच चित्रपटात राबलेल्या माणसांची नावे वाचण्यापुरती चार मिनिटे त्याच्या निर्मात्यांनाही काढता येऊ नयेत, याचे आश्चर्य वाटते.

मंगळवारी जो चित्रपट पाहायचा राहिला, तोही मराठीच होता. शहरात त्याचे दिवसाला दोनच खेळ होते, एक सकाळी १०.४० चा आणि दुसरा रात्री पावणेअकराचा. सकाळचा धरला तर पुरेसे प्रेक्षक नाहीत म्हणून खेळ रद्द झाल्याचे तिकीटखिडकीवर कळले. आम्ही चौघे होतो. पैसे परत मिळाले, पण कामाच्या दिवशी सकाळी पावणेअकराला प्रेक्षक यावेत कोठून? २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपट दाखवावेत असे जाहीर केले होते, आणि विरोध होताच ती मर्यादा दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. मला मिळालेल्या दोन्ही वेळा त्या सैल मर्यादेच्याही बाहेरच्या होत्या.

रविवारच्या इंग्रजी चित्रपटाबद्दल एकच सांगते. मुळात मध्यंतर नसलेल्या त्या चित्रपटात एक बाई नवऱ्याला काहीतरी कबूल करण्यासाठी तोंड उघडते, आणि त्या उघड्या तोंडावरच मध्यंतराची पाटी आली. पॉपकॉर्न विकण्याची गरज मी समजू शकते. परंतु प्रसंग संपेपर्यंत दोन मिनिटे थांबल्याने मका नासत नाही.

पूर्वी आपल्याच दैनिकात ‘रोज ३, ६, ९’ अशा चित्रपटांच्या जाहिराती येत आणि गावातला प्रत्येक खेळ त्यांवरून कळे. त्या बंद झाल्या, त्यामागचा हिशेब मला समजतो. तरीही किमान परीक्षणाच्या चौकटीत प्रमाणपत्रावरील लांबी आपण मिनिटांत छापू शकाल, आणि आपल्या प्रतिनिधीने चित्रपट सर्वसाधारण प्रेक्षकांबरोबर पाहिला असल्यास तिकिटावरची वेळ व प्रत्यक्ष सुरू झाल्याची वेळ अशा दोन ओळीही देऊ शकाल. परीक्षण प्रदर्शनपूर्व खास खेळावरून लिहिले असेल तर तसा उल्लेखही त्यात असावा. चित्रपटगृहांच्या चालकांकडे माझे एवढेच मागणे आहे की जाहिराती हव्या तेवढ्या दाखवाव्यात, परंतु त्या छापील वेळेच्या आधी, म्हणजे ज्याला पाहायच्या असतील तो लवकर येऊन बसेल. आणि श्रेयनामावली पूर्ण होईपर्यंत दिव्यांच्या बटनाला हात लावू नये. पायऱ्यांवरचे छोटे दिवे बाहेर पडायला पुरतात.

माझ्या वहीत गेल्या वर्षभरातील वेळा चित्रपटगृहवार लिहिलेल्या आहेत. आपल्या प्रतिनिधीला त्या पडताळून पाहायच्या असतील तर वही दाखवायला माझी हरकत नाही. फक्त गुरुवारी यावे, कारण त्या दिवशी मी घरी असते.

कळावे,

आपली विश्वासू,
एक चित्रपटप्रेमी वाचक, पुणे