छपाईची चूक की नंतरचा बिघाड?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘छपाई चुकलेले टपाल तिकीट घरात सापडले, किंमत लाखांत’ अशा मजकुराचे फोटो सध्या मोबाइलवर खूप फिरतात. खानदेशात जुन्या पत्रांना तोटा नाही. जळगाव, धुळे, अमळनेरच्या कापूस व्यापाऱ्यांची दप्तरे आहेत, भुसावळच्या रेल्वे कुटुंबांतल्या ट्रंका आहेत. त्यामुळे लोक आशेने तिकिटे दाखवायला आणतात. त्यांतली बहुतेक तिकिटे छापखान्यात चुकलेली नसतात, नंतर बिघडलेली असतात. आणि एखादी चूक खरी निघते, तेव्हा तिचा पुरावा घरच्याच कोणीतरी कात्रीने कापून टाकलेला असतो. तो प्रकार थांबावा म्हणून हे पत्र.

तिकिटावर काही वेगळे दिसले की आधी एकच विचारावे: हे कधी झाले? ज्यावरून तिकीट छापतात ती प्लेट बनतानाच, छपाई चालू असताना, की तिकीट छापखान्याबाहेर पडल्यावर?

प्लेटवर किंवा सिलिंडरवर ओरखडा असेल, तर तो प्रत्येक शीटमध्ये, म्हणजे अनेक तिकिटे एकत्र छापलेल्या कागदात, त्याच जागी उमटतो. म्हणून एका तिकिटावरून प्लेटदोष कधीच सिद्ध होत नाही. वेगवेगळ्या शीटांतली, त्याच जागची किमान दोन तिकिटे लागतात. जागा लिहायची पद्धत सोपी आहे: आडवी ओळ वरून मोजायची, तिकीट डावीकडून. ‘३/५’ म्हणजे तिसऱ्या ओळीतले पाचवे. सुटे तिकीट हाती असेल तर ही जागा कळायला सहसा मार्ग राहत नाही. शीटच्या कडेचा पांढरा समास जोडलेला असेल तर कळते, कारण प्लेटचे किंवा सिलिंडरचे क्रमांक, शीटचा अनुक्रमांक, रंगांचे ठिपके असतात ते तिथेच. ‘कागद जास्तीचा आहे’ म्हणून लोक नेमका तोच फाडून टाकतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एका सिलिंडरवर दोन शीटांची छपाई होत असेल तर दोष त्यांतल्या एकाच शीटवर दिसतो, आणि मध्येच कारागिराने दुरुस्ती केली तर पुढच्या शीटांवरून तो नाहीसा होतो. तेव्हा दुसऱ्या शीटवर सापडला नाही म्हणून लगेच खोटा ठरवू नये.

छपाई चालू असतानाचे दोष वेगळे. ग्रॅव्ह्यूर छपाईत, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या छपाईत, शाईत भिजलेल्या सिलिंडरवरची जास्तीची शाई पोलादी पाते खरवडून काढते. पात्याखाली एखादा कण अडकला की कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेने केसासारखी रेघ उमटते. पुष्कळदा ती एका तिकिटावरून शेजारच्यावर आणि तिथून समासात जाते. कण निघाला की रेघ संपते. ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटवरून रबरावर आणि तिथून कागदावर होणाऱ्या छपाईत, धुळीचा कण बसला की पांढऱ्या कड्यात रंगाचा ठिपका असा गोल डाग येतो, तोही काही शीटांपुरताच. असे डाग जपून ठेवावेत, पण त्यांच्यासाठी हजारो रुपये मोजू नयेत.

सर्वांत जास्त फसगत होते ती ‘रंग गायब’ या प्रकारात. आपल्याकडे वैशाखात खिडकीपाशी लावलेल्या फ्रेममधल्या तिकिटाचा रंग थोड्याच काळात उडू लागतो. पिवळा रंग गेला की हिरवे झाड निळे दिसते. ब्लीचिंगच्या पाण्यात पडलेल्या तिकिटाचेही असे होऊ शकते. तपासायला १० पट दाखवणारे भिंग पुरे. ३० पटीचे मिळाले तर उत्तम. उडालेला रंग कुठेतरी मागे राहतो. शिक्क्याच्या शाईच्या कडेला, तिकिटाच्या कडेच्या दातांच्या बेचक्यात फिकट पिवळे कण दिसतात, आणि बाकीचे रंगही थोडे मलूल झालेले असतात. खऱ्या चुकीत त्या रंगाचा एकही कण नसतो, बाकीचे रंग मात्र ताजे असतात. समास सोबत असेल तर काम आणखी सोपे. तिथल्या रंगठिपक्यांतला तोच ठिपका नसेल, तर तो मोठा पुरावा. उलट ठिपका ठळक आहे आणि शेजारच्या तिकिटावर मात्र तो रंग नाही, तर शंका घ्यावी.

‘दात नसलेले’ तिकीट एकटे असेल तर त्याला अर्थ नाही. रुंद समासाचे तिकीट चारही बाजूंनी कापले की तसेच दिसते. म्हणून निदान जोडी हवी, मधली कड न कापलेली. जोडी मिळाली तरी ती उलटी करून तिरप्या उजेडात धरावी. दात पाडणाऱ्या यंत्राच्या बोथट सुयांनी नुसते खळगे पाडले असतील तर ते पाठीमागे दिसतात. ते ‘दात नसलेले’ नव्हे. दात मोजायचे ते दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रे येतात त्यावर. आणखी एक भोक आपल्या घरांत नेहमी सापडते: पत्रे तारेला टोचून ठेवायची पद्धत होती, त्या तारेचे. त्याची एका बाजूची कड उचललेली असते आणि भोवती गंजाचे तपकिरी वर्तुळ असते.

प्लेट क्रमांकाचा घोटाळा ब्रिटनच्या लाल पेनी तिकिटात फार होतो. १८६४ पासूनच्या या तिकिटांवर डाव्या-उजव्या कडेच्या नक्षीत बारीक आकड्यांत प्लेट क्रमांक कोरलेला आहे, ७१ ते २२५ या दरम्यानचा. त्यात ७७ अतिशय दुर्मिळ. शिक्क्याखाली ‘१’ झाकला गेला की १७७ हा ७७ वाटतो. दोन्ही कडा पाहाव्यात आणि आकडे नक्षीच्या मधोमध बसलेत का ते पाहावे. दोन आकडे एकीकडे सरकलेले असतील तर तिसरा तिथे होताच.

भारतातली सर्वांत गाजलेली चूक १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटाची. कलकत्त्याला शिळाछाप पद्धतीने लाल चौकट आणि निळा राणीचा मुखडा असे दोन वेळा छापत. एकदा कागद फिरवून घातला गेला आणि मुखडा चौकटीत उलटा आला. चित्रच मुळात चुकलेले असेल तर ती चूक मात्र निराळी धरतात. १९४९ च्या ज्या मालिकेत ३ पैवर आपल्या शेजारचे अजिंठा आहे, त्याच मालिकेत १ आण्यावरचा बोधिसत्त्व उलटा, आरशात दिसावा तसा आला. १९५० मध्ये तो सुधारून नवे तिकीट काढले. चुकीचे तिकीट सर्रास विकले गेले होते, त्यामुळे ते दुर्मिळ नाही.

१९५७-५८ च्या, भारताचा नकाशा असलेल्या मालिकेची नये पैशांची तिकिटे एकसारखी दिसतात, पण आधीच्या कागदात ताऱ्यांचे जलचिन्ह, म्हणजे कागद बनतानाच त्यात उमटवलेली खूण, आहे, नंतरच्यात अशोकस्तंभाचे. तिकीट काळ्या ताटलीत पालथे ठेवून तिरप्या उजेडात पाहिले तरी पुष्कळदा दिसते. लायटरचे इंधन ओतून पाहणारे आहेत, पण ते झटकन पेटते आणि ग्रॅव्ह्यूरची शाई विरघळण्याचा धोका असतो. आम्ही तो सल्ला देणार नाही.

पाकिटावरचे तिकीट पाकिटावरच राहू द्यावे. भिजवून काढले की तारखेचा शिक्का तुटतो. बोटांऐवजी चिमटा वापरावा. उन्हाळ्यात डिंक तडकतो आणि तिकीट नळीसारखे वळते. ते जोर लावून सपाट केले तर कागदालाही चीर जाते, म्हणून पावसाळी हवेत आपोआप सैल होऊ द्यावे.

दोन विनंत्या आहेत. टपाल कार्यालयांच्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनी, ग्राहकाने मागितल्यास शीटच्या कोपऱ्याची चार तिकिटे समासासकट द्यावीत. आणि आपल्या वृत्तपत्रात अशा तिकिटाची बातमी येईल तेव्हा फोटो पुढून आणि मागून असे दोन्ही छापावेत, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून.

आपले,
काही तिकीट संग्राहक, जळगाव-धुळे